लाखेच्या बांगड्या

दवाखान्यात नेलं त्या दिवशी माझ्या अंगावरून काय काय काढून घेतलं ते मला स्पष्ट आठवतं. त्यानंतरच्या महिन्यांतलं फारसं आठवत नाही. कानातली फुलं काढली. केसांतले आकडे काढले. हातातल्या हिरव्या बांगड्या आयाबाईने जाड कापडावर माझं मनगट ठेवून एकेक करून दाबून फोडल्या, काचा त्याच कापडात गोळा केल्या आणि गाठ मारून घेऊन गेली. मग मला ओट्यावर बसवून केस कापले, अगदी टाळूलगत. मी काही बोलले नाही. बोलणं बंद झालं म्हणूनच तर मला तिथे नेलं होतं.

हैदराबादच्या इंग्रजी शाळेतलं शिक्षण संपवून मी नांदेडला घरी परतले आणि थोड्याच दिवसांत आई गेली. आधी मी जेवायची थांबले, मग बोलायची, मग अंथरुणातून उठायची. मला काय झालं होतं हे अजूनही एका वाक्यात सांगता येत नाही. मी उठून बसले तर काहीतरी सांडेल असं वाटायचं. काय सांडेल ते माहीत नव्हतं, पण ते सांडू न देणं हे माझं काम आहे आणि ते पडून राहूनच करता येतं, एवढं पक्कं वाटायचं. वडील वकील होते. दिवसभर अदालतीत उर्दूत बोलून आलेला माणूस घरी आल्यावर कुठल्याच भाषेत फार बोलत नसे. त्यांनी वैद्य केले, हकीम केले, आणि शेवटी आगगाडीने मला दूरच्या त्या सरकारी दवाखान्यात नेलं. आमच्या गल्लीत त्याला दवाखाना कुणी म्हणत नसे.

बायकांच्या त्या लांबट खोलीत नावं वापरत नसत. आयाबायांना गावं लक्षात राहायची. मी नांदेडवाली. माझ्या शेजारच्या खाटेवर चाकूरवाली. ती शेतकऱ्याच्या घरची सून. बाळंतपणात मूल गेलं आणि त्यानंतर तिचं डोकं फिरलं असं ती स्वतःच सांगायची, एखाद्या जुन्या तापाबद्दल सांगावं तसं. मी पोचले तोवर ती बरी झाली होती. तिच्या डोक्यावरही केस नव्हते, हात मोकळे होते, गळ्यातलं डोरलं डॉक्टरांच्या कपाटात होतं. कपाळावर दोन भुवयांच्या मधे हिरवं गोंदण होतं. तेवढं एक त्यांना काढता आलं नव्हतं.

"तू बोलू नगंस," ती म्हणायची. "मी बोलते. तू आयीक." आणि मग घरच्या देवणी बैलांबद्दल बोलत राहायची. कुठला बैल मारका, कुठला लाडाचा, कुठल्याच्या कपाळावर कसा ठिपका. त्या बैलांना मी आजही ओळखीन.

एकदा तिची सासू तिला न्यायला आली. डॉक्टरांनीच बोलावणं पाठवलं होतं. भेटायला आलेल्यांना ओसरीवर बसवत, आणि माझी खाट ओसरीच्या खिडकीला लागून होती. म्हातारी चांगली होती. येताना धपाटे बांधून आणले होते, सोबत धाकटा मुलगा होता. सून दारातून बाहेर आली, सरकारी पांढऱ्या जाड्याभरड्या लुगड्यात. म्हातारी उठायला गेली आणि अर्धवट उठून तशीच राहिली.

"अगं माय! ही काय दशा?"

"मी बरी हाय, आत्याबाई. लई बरी हाय. डाक्टरला इचारा."

"बरी असशील. पर माझा ल्योक जित्ता हाय ना ग! आन् तू अशी? बोडकी, भुंड्या हातानं? अशी उंबऱ्याच्या आत घिऊ तुला?"

"आत्याबाई, केस काय, येतील की."

"येतील तवा येतील. मी काय पोटच्या पोराच्या जिवावर उठू?" म्हातारीला रडू कोसळलं. "केस वाढू दे. हात भरू दे. मग मी सोता येते न्यायला. आण घेते."

धपाटे ठेवून ती गेली. तिने मनापासून सांगितलं होतं. फक्त तिला एक गोष्ट माहीत नव्हती. उवा होतात आणि विंचरायला माणसं नाहीत म्हणून तिथे दर थोड्या दिवसांनी सगळ्यांचे केस पुन्हा कापत. आणि काचेच्या बांगडीला सक्त मनाई होती, कारण पूर्वी कुणीतरी फुटक्या बांगडीने मनगट कापून घेतलं होतं. म्हणजे चाकूरवाली तिथे राहील तोवर सासू म्हणते तशी होणार नव्हती, आणि तशी झाल्याशिवाय तिथून सुटणार नव्हती. खाटेवर पडल्या पडल्या मी हे मनाशी दोन-तीनदा लावून पाहिलं. कुठूनही वाट निघत नव्हती. पुष्कळ दिवसांनी मी कशाचातरी विचार करत होते, हे मात्र माझ्या नंतर लक्षात आलं.

माझं तोंड उघडलं ते इंग्रजीत. डॉक्टर हैदराबादचे, नेहमी कोटात असत. फेरीच्या वेळी त्यांनी तब्येत कशी आहे म्हणून विचारलं आणि मी शाळेत शिकवलं होतं तसं अदबीने म्हणाले की आजचं दूध नासलेलं आहे. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी खुर्ची मागवली. त्यानंतर ते रोज माझ्याशी बोलू लागले. पुस्तकं दिली, अंगणात फिरायची परवानगी दिली. चाकूरवाली माझ्याआधी बरी झाली होती आणि माझ्यापेक्षा कितीतरी छान बोलायची. पण तिच्यासाठी खुर्ची कुणी मागवली नव्हती.

मला न्यायला वडील आले तेव्हा त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि लगेच खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. निघताना चाकूरवालीने माझा हात धरला.

"वाटंत चाकूर लागंल कधी, तर सासूला म्हण, मी बरी हाय. म्हणशील ना?"

मी मान हलवली.

नांदेडला सगळ्यांना माहीत होतं मी कुठे गेले होते. म्हणून वडिलांनी मला लातूरला आत्याकडे पाठवायचं ठरवलं. तेव्हा महायुद्धाचे दिवस होते, पेट्रोल मिळत नसे, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत आणि चढ आला की सगळे उतरत. मी डोक्यावरून पदर घट्ट घेऊन बसले होते. हात अजून मोकळेच होते, ते भरायला घरात आई नव्हती. शेजारची बाई माहूरहून देवीचं कुंकू घेऊन येत होती. रांगेतल्या एकेकीला लावत ती माझ्यापर्यंत आली, तिची नजर माझ्या मनगटावर गेली, मग पदराखालच्या कपाळाकडे, आणि तिने बोट मागे घेतलं.

"अगाई! इतक्या कवळ्या वयात! कवा गेलं ग?"

मला आधी कळलंच नाही ती कुणाबद्दल विचारते. कळलं तेव्हा मी खाली बघितलं. तिने जागा सरकवून मला नीट बसू दिलं, पाणी दिलं, पुढे काही विचारलं नाही. चाकूर आलं. मोटारीत पाणी भरेपर्यंत मी जागेवर बसून राहिले. कुणाचं घर विचारायचं तेच मला माहीत नव्हतं. मला तिचं आडनावही ठाऊक नव्हतं.

लातूरला आत्याच्या शेजारणींनी तेच गृहीत धरलं. आत्या बोलण्यात फटकळ, घरात तिचाच शब्द चाले. तिच्या यजमानांची बाजारात अडत होती आणि ते घरी फक्त जेवायला येत. मला वाटलं, आत्या शेजारणींना सांगेल की अगं ही तर अजून लग्नाची आहे. तिने नाही सांगितलं.

"समजू दे समजतात तसं," एकदा भाजी निवडताना ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "विधवेला कुणी दुसरं काही विचारत न्हाई."

ते खरं होतं. मला कुणी काही विचारत नव्हतं. सकाळी बायका आल्या की मी मागच्या पडवीत जायची. कुंकवाचा करंडा माझ्यावरून पुढे जायचा. कासार यायचा तेव्हा सगळ्या त्याच्याभोवती घोळका करून बसत आणि मी दाराआडून तो एकेकीचा हात दाबून बांगडी कशी चढवतो ते बघत असे. शाळेतलं एक जुनं इंग्रजी पुस्तक होतं, तेच पुन्हा पुन्हा वाचायची. दवाखान्यात निदान माझ्याशी बैलांबद्दल बोलणारी एक बाई होती.

मागच्या अंगणाला लागून अमीनसाहेबांचं, म्हणजे पोलीस अधिकाऱ्याचं घर होतं. त्यांच्या बीबी पडद्यात असत, पण दुपारी मधल्या दारातून आत्याकडे येत. एकदा त्या दगडावर हात धूत असताना त्यांच्या हातातली एक बांगडी निसटली, दगडावर आपटली आणि गरगरत माझ्या पायाशी आली. मी डोळे मिटून घेतले होते, फुटल्याचा आवाज येईल म्हणून. आला नाही.

"लाख की है बेटी, काँच के सरीकी नै फूटती," त्या हसल्या. मी परत द्यायला गेले तर त्यांनी माझी मूठ मिटवली. "रख ले. हात कैसा सूना दिखता."

त्या गेल्यावर मी ती बांगडी पाट्यावर ठेवली आणि वरवंट्याने मारली. ती चेपली, मग तिचे भरड तुकडे झाले, गुळाच्या ढेपेचे होतात तसे. मी सगळ्यात टोकदार तुकडा निवडला, डावा हात मांडीवर उताणा ठेवला आणि मनगटावर दाबून ओढून पाहिला. लालसर रेघ उठली. रक्त आलं नाही. जोर लावून पुन्हा ओढला.

आत्याची किंकाळी बहुधा अडतीपर्यंत गेली असेल.

"काय करून राहिलीस! टाक! टाक म्हणते ना ते!"

"आत्या, कापत नाही."

"काय?"

"बघ ना. कापतच नाही हे."

आत्या पाट्याजवळच मटकन बसली. परात अजून तिच्या हातातच होती. "उद्याच्या मोटारीनं तुझ्या बापाला निरोप धाडते," ती म्हणाली. "मला न्हाई झेपायचं हे. माझ्या घरात न्हाई."

मला परत नेणार, हे मला त्या क्षणी समजलं. पळून जावं असं वाटलं, आणि त्याच वेळी, पळाले तर नक्कीच नेतील हेही कळत होतं. म्हणून मी बोलले. गेल्या वर्षभरात सगळ्यांशी मिळून बोलले नसेन इतकं. चाकूरवाली, तिची सासू, धपाटे, केस, काचेची मनाई, सगळं. आत्या माझ्या तोंडाकडे बघत होती, शब्दांपेक्षा डोळ्यांकडेच जास्त. मी थांबले तेव्हा तिने तो तुकडा उचलला, स्वतःच्या अंगठ्यावर दाबला, मग उठून कोपऱ्यातल्या दुधी भोपळ्यावर ओढला. भोपळ्यालाही धड चरा पडेना.

"सासूला दुष्ट म्हणू नको," ती म्हणाली. "मीही न्हाई घेतली असती घरात."

"आत्या!"

"खरं ते सांगते. नवरा जिता असताना तशी बाई दारात बघवत न्हाई." तिने तो तुकडा पाट्यावर ठेवला. "म्हणून तर तिचे हात भरले पाहिजेत. लाखेच्या का होईना."

वडिलांना निरोप गेला, पण वेगळा: आमच्यासोबत दवाखान्यात चला, असा.

आत्याला समाजकार्य वगैरे माहीत नव्हतं. तिला हळदीकुंकू माहीत होतं. चैत्र होता. तिने गल्लीतल्या बायका बोलावल्या, कैरीची डाळ आणि पन्हं केलं, भिजवलेले हरभरे वाटले, आणि सगळ्या बसल्यावर मला पडवीतून हाताला धरून मधे आणलं. मला लोकांसमोर बोलायची इतकी भीती की शाळेत कविता म्हणताना माझा आवाज जायचा. मी जाजमाकडे बघून सांगितलं. की मी विधवा नाही, माझं लग्नच झालेलं नाही. मी कुठे होते. तिथे अजून कोण कोण आहे, आणि त्यांना घरी का नेत नाहीत. त्यांना लाखेच्या बांगड्या हव्यात, फण्या हव्यात, डोक्याला तेल हवं.

मग कोपऱ्यातून एक म्हातारी म्हणाली, "म्हंजी तू रांडमुंड न्हाईस?"

"नाही."

"मग येडी हायस?"

"आता नाही."

एक सून फिस्सकन हसली आणि तिच्या सासूने तिला कोपर मारलं. मलाही हसू आलं, पण तेवढ्यात दोघी पन्हं तसंच ठेवून उठल्या. राहिलेल्यांपैकी एकीने विचारलं, "आन् त्यो रोग बांगडीसंगं आपल्या घरात यायचा न्हाई ना?"

"बांगड्या तिकडं जायच्यात, भवाने, तिकडून यायच्या न्हाईत," आत्या म्हणाली.

त्या दिवशी थोड्या फण्या जमल्या, थोड्या बांगड्या. अमीनसाहेबांच्या बीबींनी मधल्या दारातून एक गाठोडंच दिलं. सगळ्या गेल्यावर उठून गेलेल्या दोघींपैकी एक मागच्या बाजूने परत आली. पदराचं टोक पिळत उभी राहिली. तिच्या नणंदेला मागच्या खोलीत ठेवलं होतं, फार वर्षं. "तिकडं खरंच बरं व्हतंय का?" ती म्हणाली. मी म्हणाले, सगळ्यांना नाही, पण होतं. आणि लवकर नेलं तर बरं. ती मान हलवून गेली. नंतर ती रस्त्यात माझ्याशी कधी बोलली नाही.

तसं कुणीच फारसं बोलेना. आधी माझ्यावरून फक्त कुंकू पुढे जायचं. आता मी स्वयंपाकघरात आले की पाहुण्या बायका गप्पा न थांबवता पायाने विळी मागे सरकवत. आत्याकडे येणं-जाणंही कमी झालं. तिने मला तसं कधी बोलून दाखवलं नाही. दुपारी मात्र ती दार उघडं ठेवून बसायची आणि रस्त्याकडे बघायची.

मग आम्ही दवाखान्यात गेलो, वडील, आत्या आणि मी. त्या इमारतीची पायरी पुन्हा चढताना मी आत्याचा पदर धरला. डॉक्टरांनी बांगडी टेबलावर ठेवली आणि कागदावर ठेवायच्या जड काचेच्या गोळ्याने ठेचली. तुकडे बोटांनी चाचपले. मी इंग्रजीत बोलले, कारण त्यांना त्या भाषेत नाही म्हणणं जड जायचं, हे मला आता माहीत होतं. बऱ्या झालेल्या बायकांना बांगड्या घालू द्या. त्यांचे केस कापू नका, त्या एकमेकींचे विंचरतील. डोरलं परत द्या. ते म्हणाले की नियम बदलायचा तर हैदराबादहून मंजुरी लागेल. वडिलांनी तिथेच बसून सुंदर उर्दूत अर्ज लिहिला, आणि उत्तर येईपर्यंत घालू द्यायला डॉक्टर तयार झाले. मंजुरी कधीच आली नाही. नामंजूर असंही कधी आलं नाही, म्हणून ते चालू राहिलं.

त्या खोलीत मी स्वतः गेले. चाकूरवालीच्या हातात बांगड्या मीच चढवल्या. मला कासारासारखं जमत नव्हतं, तिची हाडं दुखली असणार. ती एरवी इतकी बोलकी, पण तेव्हा नुसती हात वरखाली करून बघत राहिली.

"निरोप दिला व्हतास?" तिने विचारलं.

"तुझं घर कुठं ते माहीत नव्हतं."

"येशीपाशी. चिंचंखालचं." मग हळूच, "बैलं बांधलेली दिसतील."

परतीच्या वाटेवर चाकूरला मोटार थांबली तेव्हा आत्या उतरली. ड्रायव्हर भोंगा वाजवत राहिला आणि आत्या घामाघूम होऊन परत आली. "येते म्हणाली म्हातारी. अंबाड्याएवढे केस झाले की. मी सांगितलं, हात भरलेत, माझ्या डोळ्यांनी बघून आले."

पुढच्या थंडीत डॉक्टरांचा वडिलांना निरोप आला की चाकूरची बाई घरी गेली.

मी तिला आणखी एकदा पाहिलं. दवाखान्यासाठी जमवलेलं बांगड्यांचं आणि फण्यांचं गाठोडं घेऊन मी लातूरहून नांदेडला चालले होते. तोवर माझे केस खांद्याखाली आले होते. चाकूरला मोटार थांबली, क्लीनर पाणी आणायला गेला. थांब्यावर कुणाला तरी पोचवायला आलेल्या माणसांत ती उभी होती. अंगावर हिरवं लुगडं, हातात कोपरापर्यंत काचेच्या बांगड्या, गळ्यात डोरलं, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि कुंकवाखाली ते गोंदण. शेजारी सासू. तिने मला पाहिलं. मी खिडकीतून थोडी पुढे झाले.

तिची नजर माझ्यावर थांबली तेवढी सासूने हेरली. "वळखीची हाय का ग कोणी?"

"न्हाई," ती म्हणाली. "म्या कुठं वळखणार?"

आणि तिने पदर सावरून तोंड दुसरीकडे केलं. तिचं बरोबर होतं. थांब्यावर गावची माणसं होती, आणि मला ओळखणं म्हणजे कुठली ओळख ते सांगणं आलं. तिच्याकडे बघून ती कुठे जाऊन आली हे कुणालाही कळू नये, याच्यासाठीच तर मी डॉक्टरांपुढे बसले होते. तरी मला तिला हाक मारावीशी वाटली. एकदाच. बैल कसे आहेत एवढं विचारायला. पण मला तिचं एकच नाव माहीत होतं, आणि त्या थांब्यावर उभी असलेली प्रत्येक बाई चाकूरवाली होती.

क्लीनर पाणी घेऊन आला. मोटार धूर सोडत निघाली. रस्ता खराब होता, मांडीवरचं गाठोडं धक्क्यांनी घसरत होतं. मी ते दोन्ही हातांनी धरून बसले.